स्वल्प बल

परवा सकाळी बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या बाजारात अवरेच्या शेंगांची पहिली गाडी दिसली आणि माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप आखडली. अवरे म्हणजे आपला पावटाच, पण इथे त्याचे लाड फार. थंडी पडली की कोलारच्या बाजूनं पोती भरभरून येतो आणि पुढचा महिना-दीड महिना उपिटापासून आमटीपर्यंत कशातही तोच. शेंगेच्या सालीवर एक चिकट तेल असतं, त्याच्या वासाला कन्नडमध्ये 'सोगडु' म्हणतात. शेंग चांगली की वाईट हे मोडून बघायचं नसतं, नुसतं हुंगायचं. मी एक उचलून हुंगली, आणि चार वर्षांपूर्वीचा तो सगळा हंगाम, केस वाळवायच्या ड्रायरच्या घरघरीसकट, नाकातून आत शिरला. भाजीवाली अक्का किती हव्यात म्हणून विचारत होती. मी उगीचच दोन किलो घेतल्या. घरात खाणारी माणसं तीन.

त्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे सासरे, दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आले. अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले होते आणि उजवी बाजू लुळी पडली होती. यशवंतपूरच्या फलाटावर माझा नवरा सतीश त्यांना दोन्ही हातांनी धरून गाडीतून उतरवत होता, आणि अण्णा डाव्या हातानं सदऱ्याचा खिसा घट्ट दाबून होते. पाय कुठं पडतोय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मला रागच आला. मग दिसलं, खिशात पेन होतं.

अण्णांची सगळी नोकरी बेळगाव जिल्ह्यात मोजणीदार म्हणून झाली. शेतांच्या हद्दी मोजायच्या, नकाशा काढायचा, खाली सही करायची. सहीखाली ते एक सरळ रेघ ओढत, पट्टी न लावता, आणि तिच्यात कुठे केसाएवढाही बाक नसे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे अंगठे ते स्वतः हातात धरून शाईच्या पॅडवर दाबत आणि मग कागदावर. अंगठा उमटला की माणूस पहिल्यांदा काय करतो, हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. बोटाची शाई डोक्याच्या केसांना पुसतो. फडकं पुढं केलं तरी घेत नाही, हात आपसूक केसांकडे जातो, असं ते म्हणायचे. पुण्यात वाढलेल्या मला ते तेव्हा गमतीदार वाटलं होतं.

आमच्या मुलीनं, मुक्तानं, नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवलं होतं. तारीख संक्रांतीनंतरची मिळाली होती. तीन साक्षीदार लागतात, त्यातला पहिला माझा अज्जा, असं तिनं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. झटका यायच्या आधीची ही गोष्ट. आता काय करायचं, हा विषय जेवताना निघाला तेव्हा सतीश सहज बोलून गेला, की सही जमली नाही तर अंगठाही चालतो, मी विचारून ठेवलंय. अण्णांचा घास हातातच राहिला. त्या दिवसांत त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. कधी मराठी शब्दाच्या जागी कन्नड येऊन बसायचा, कधी दोन्ही यायचे नाहीत आणि नुसतेच डोळे भरून यायचे. आम्ही थांबलो.

"सहीच्या शेजारी अंगठा चालतोय," ते एकेक शब्द ठेवत म्हणाले. "सहीच्या जागी नको." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आणि पुसू कुठं? केस आहेत काय मला?"

आम्ही हसलो, कारण अण्णांच्या डोक्यावर माझं लग्न झाल्यापासून केस पाहिल्याचं मला आठवत नाही. ते स्वतः हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुक्ताला सांगितलं की सही जमली तर येईन, नाहीतर घरूनच आशीर्वाद देईन, आणि ती माझ्या खोलीत येऊन लहानपणी रडायची तशी रडली.

माझ्या आजही मनात येतं, हात म्हणजे नेमकं काय गेलं त्यांचं? चमचा डाव्या हातानं धरता येत होता. बटणं सतीश लावून देत होता. पण या माणसानं चाळीस वर्षं लोकांना सांगितलं होतं, तुझं शेत इथवर आणि त्याचं तिथून पुढं, आणि लोकांनी ते त्या सहीकडे बघून मानलं होतं. त्या माणसाला आपली स्वतःचीच हद्द पुसली गेल्यासारखं वाटत असेल तर त्याला हट्टी म्हणण्यात काय अर्थ आहे. मी मात्र तेव्हा म्हणाले होते. चांगली दोनदा म्हणाले होते.

बॉलपेन दाबावं लागतं, तिथेच सगळं अडत होतं. अण्णांची बोटं पेन धरू शकत होती पण दाबू शकत नव्हती, आणि कागदावर नुसते पांढरे ओरखडे उठत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पिळायला मऊ चेंडू दिला होता. अण्णांनी तो एकदा बघितला आणि बाजूला ठेवला. त्याऐवजी ते अवरे सोलायला बसले. इथे भिजवलेला दाणा दोन बोटांत चिमटून सालीतून उडवतात, आपल्याकडे डाळिंब्या काढतात तसा. पहिल्या दिवशी उजव्या हातानं सात दाणे निघाले. डिसेंबर संपेपर्यंत वाटीभर निघायला लागले. वाटी भरली की ते ती माझ्यासमोर सरकवत आणि खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवत. दाबावं न लागणारं पेन त्यांच्याकडे होतं. फक्त ते चालत नव्हतं.

ते परदेशी बनावटीचं जुनं शाईपेन होतं, त्यांच्या साहेबांनी निवृत्त होताना दिलेलं. हिरव्या पट्ट्यांचं, मागची घुंडी फिरवली की आतला दट्ट्या वर सरकून शाई ओढणारं. दट्ट्याला बुचाचं वेष्टण असतं, ते वाळून आक्रसलं होतं. घुंडी फिरायची, शाई चढायची नाही.

आता माझं सांगते. मी वीस वर्षं एका संशोधन संस्थेत मोजमापाची उपकरणं दुरुस्त केली. हत्यार निवडण्यात माझा हात कोणी धरणार नाही असा माझा समज होता, आणि तो घरात बोलूनही दाखवायची मला खोड आहे. पेन दुरुस्तीला कुठे पाठवायचं नाही, मी घरीच करीन, हे मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. मग हत्यारांच्या मागे लागले. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेतलं, निबेची चीर साफ करायला कागदाहून पातळ पितळी पत्रा घेतला. आत पाणी मारायला कानात औषध सोडायचा रबरी फुगा आणला. चपडा आणला, म्हणजे फर्निचरला लावतात ती लाख. वंगण आणलं, चार जाडीचे पॉलिश कागद आणले, आवाजाच्या लहरींनी धुणारं एक यंत्रही आणणार होते, ते सतीशनं हात जोडून थांबवलं. आणि एक पक्कड घेतली. तिच्या जबड्यांना आतून मऊ रबर होतं, मुठी लांब होत्या, हातात घेतली की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. मी तिच्या प्रेमातच पडले.

अण्णा हे सगळं खुर्चीतून बघत होते. एकदा त्यांनी ती पक्कड उजव्या हातात मागितली. त्यांना ती मिटता आली नाही. त्यांनी ती परत दिली आणि पुन्हा अवरे सोलायला घेतले.

अंदाज घ्यावा म्हणून मी चामराजपेटेत शाईपेनं दुरुस्त करणाऱ्या नंजुंडय्यांकडे गेले. एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, उभं राहिलं तर गिऱ्हाईक रस्त्यावरच असतं, आणि मागून बसचा हॉर्न थेट कानात वाजतो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. महिनाभर वाकून बारीक काम करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमचं लग्न त्याच्या आत होतं. तेव्हा करायचं ते तुम्हीच, मी फोनवर सांगतो, असं ते अर्ध्या कन्नडमध्ये आणि अर्ध्या हिंदीत म्हणाले. मी माझी पेटी मोठ्या ऐटीत उघडली. त्यांनी एका डोळ्यानं ती बघितली आणि दोन ढीग करायला लागले. 'बेकु' म्हणजे हवं, 'बेडा' म्हणजे नको, एवढं कन्नड मला येत होतं. पितळी पत्रा बेकु. रबरी फुगा बेकु. भिंग बेकु. पॉलिश कागद बेडा, कारण त्यानं निब बिघडवणाऱ्यांचीच पेनं त्यांच्याकडे येतात. पक्कड त्यांनी उचलली, जबडे उघडून मिटून पाहिले आणि बेडाच्या ढिगात अगदी तळाशी ठेवली. तिच्याऐवजी सायकलच्या ट्यूबचा विटीएवढा तुकडा दिला. तो गुंडाळायचा, ड्रायरनं ऊब द्यायची, आणि हातानं फिरत नसेल तर थांबायचं, पुन्हा ऊब द्यायची. बुचाचं नवं वेष्टणही त्यांनी एका डबीतून शोधून दिलं. घरी आल्यावर मी ट्यूबचा तुकडा पेटीत ठेवला आणि पक्कडही ठेवली. असू दे, म्हटलं.

रविवारी सकाळी बसले. लग्नाला नऊ दिवस राहिले होते. टेबलावर जुना टॉवेल पसरला, खिडकीतलं ऊन बरोबर पेनावर पडेल असं टेबल सरकवलं, फोन स्पीकरवर ठेवला. अण्णा शेजारच्या खुर्चीत, मांडीवर परात, परातीत अवरे. ड्रायरची ऊब दिली, ट्यूब गुंडाळली, आणि घुंडीसकट आतला दट्ट्या बाहेर यावा म्हणून घुंडी शेवटपर्यंत फिरवून आणखी डावीकडे पिळली. बरण्यांची झाकणं, नळ, स्क्रू, आयुष्यभर जे जे उघडलं ते डावीकडेच उघडलं. हे हललं नाही. पुन्हा ऊब, पुन्हा पिळलं. हातांना घाम सुटला. तासाभरात चार वेळा झालं. फोनवर नंजुंडय्या शांतपणे 'आगत्ते, आगत्ते' म्हणजे होईल होईल म्हणत होते आणि त्यांच्या मागे बस हॉर्न वाजवत होत्या.

मी म्हटलं, होत नाहीये, अगदी घट्ट बसलंय.

तिकडून आवाज तुटत तुटत आला. "अक्का... स्वल्प... बल... बल..."

स्वल्प म्हणजे थोडं. हे तर बंगळुरात आल्यावर पहिल्या आठवड्यात कळतं. स्वल्प अड्जस्ट माडी, स्वल्प नीरु कोडी, म्हणजे थोडं पाणी द्या. आणि बल म्हणजे बळ, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. थोडं बळ लावा, असं ते म्हणत होते. तास झाला, आता ते तरी किती धीर धरणार, असं मला वाटलं. मी पक्कड उचलली.

अण्णांनी दाणा सोडला. त्यांनी माझ्या मनगटाकडे डावा हात केला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि कष्टानं त्यांच्या तोंडातून शब्द निघाला. "बल." पुन्हा एकदा, घाईनं, "बल... बल."

त्यांचाही होकार आहे, असं मला वाटलं. मी रबराचे जबडे घुंडीवर बसवले आणि डावीकडे थोडं बळ लावलं.

आवाज फार बारीक आला, वाळका पापड मोडावा तेवढाच.

भिंगातून बघायची गरज नव्हती. हिरव्या पट्ट्यांमधून, घुंडीच्या कडेपासून करंगळीच्या पेराएवढी चीर खाली उतरली होती. फोनवर नंजुंडय्या विचारत होते, आयता, आयता? झालं का?  अण्णांनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला, मांडीवरून परातीच्या वर आणला आणि माझ्यासमोर धरला. "बलगै," ते म्हणाले. मग खूप वेळानं, घाम पुसत, "उजवीकडं."

बल म्हणजे उजवीकडे. बलगै म्हणजे उजवा हात. या गावात मी अठ्ठावीस वर्षं राहतेय, आणि रिक्षावाल्याला मी लेफ्ट आणि राइट म्हणते, तोही मला लेफ्ट आणि राइटच म्हणतो. त्यामुळे डावं-उजवं कन्नडमध्ये कधी कानावरून गेलंच नाही. त्या पेनाला उलटे आटे होते. रोज घुंडी फिरवताना आतला भाग सैल होऊन बाहेर येऊ नये म्हणून ते तसे करतात. नंजुंडय्या तासभर फोनवर याच विचारात असणार, की या बाईचं अडलंय कुठे, आणि शेवटी त्यांनी सांगितलं, थोडं उजवीकडे.

त्यानंतरचे दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. अण्णांनी परात मागितली नाही. अवरे भिजत पडले, त्यांना मोड आले, मग मी ते टाकले. ते मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत, आणि बोलले असते तर बरं झालं असतं. ते बाल्कनीत बसून खालच्या रस्त्यावरचे टँकर बघत. मुक्ता फोनवर अज्जाची चौकशी करायची आणि मी 'बरे आहेत' म्हणायचे. मला माझ्या हातांची शरम वाटत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांची नाजूक उपकरणं उघडली, एकाचीही काच कधी तडकू दिली नाही, आणि घरच्या माणसाचं एकुलतं पेन मोडलं. रोज सकाळी मी ती पक्कड उचलून माळ्यावर टाकायची ठरवायचे आणि रोज ती टेबलावरच राहायची. स्वतःला शिक्षा करायलाही एक हत्यार लागतं बहुतेक.

चार दिवस राहिले तेव्हा मी पेन रुमालात बांधून चामराजपेटेला गेले. नंजुंडय्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठ्याच्या नखानं चीर चाचपली, मग टोपण काढून निब स्वतःच्या तळहातावर टेकवली. पक्कड का, असं त्यांनी विचारलं नाही. चीर लाखेनं बुजेल पण आत शाई भरता येणार नाही, असं ते म्हणाले. मग जिन्याखालच्या फळीवरून शाईची दौत काढली, निब बुडवली, टिपकागदावर टेकवून जास्तीची शाई काढली आणि वहीच्या कागदावर स्वतःची सही केली. लांबलचक, वेलांट्यांनी भरलेली. शाई शेवटच्या अक्षरापर्यंत पुरली.

"ओंदु सहीगे साकु, अक्का," ते म्हणाले. एका सहीपुरती बास.

सही हा शब्द कन्नडमध्येही सहीच आहे. तो कळायला मला कोणाची गरज लागली नाही, आणि मी त्या बसच्या हॉर्नमध्ये, भर रस्त्यात, डोळे पुसले.

घरी येऊन अण्णांसमोर दौत ठेवली. टेबलावर कागद ठेवला. ते हलेनात. तेव्हा मी जे पाच दिवस पोटात धरून ठेवलं होतं ते बोलले, की अण्णा, पेन मी मोडलं, मला माफ करा, पण लग्नाला या.  त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली आणि मी घाई न करता थांबले. निदान तेवढं तरी मी शिकले होते.

"तुझं न्हवं," ते म्हणाले. "माझ्या तोंडात मराठी... उशिरा आली."

तेव्हा मला कळलं, की पाच दिवस बाल्कनीत बसून ते माझ्यावर रागावले नव्हते. आपल्या जिभेनं आपलं पेन मोडलं असं ते धरून बसले होते. दोघंही एकाच घरात, एकाच चिरेवर, आपापला हक्क सांगत होतो. मी अवरे भिजत घातले.

नोंदणी कार्यालयात त्या दिवशी गर्दी होती. बाकांवर नवरे-नवऱ्या, हार प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये, पंखा एकाच बाजूला वारा देणारा. आमचा नंबर आला तेव्हा साहेबांना कुठे तरी जायची घाई होती. अण्णांसाठी खुर्ची आणली. मी डब्यातून दौत काढली आणि तिचं झाकण उघडलं, उजवीकडे की डावीकडे हे त्या क्षणी मला आठवेना. कारकुनानं ते बघितलं आणि सरळ शाईचं पॅड पुढे सरकवलं. माणूस वयस्कर, हात कापतोय, मागे रांग, त्याचं काही चुकलं नाही. सतीश काही बोलणार तेवढ्यात अण्णांनी डाव्या हातानं पॅड एक वीतभर बाजूला केलं.

त्यांनी निब बुडवली. मी दौत धरली होती. एक थेंब रजिस्टरवर पडला तर? दुसरं रजिस्टर नसतं. त्यांनी निब टिपकागदावर टेकवली, कागदावर आणली आणि थांबले. मागे कोणीतरी खाकरलं. मुक्तानं माझा दंड धरला तो आजही तिथे दुखतोय असं वाटतं. मग अक्षरं यायला लागली. वाकडी, मोठी, एकमेकांपासून लांब लांब उभी, पण त्यांचीच. आडनावाच्या शेवटच्या कान्याला शाई संपली.

कारकून "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत रजिस्टर ओढायला लागला. अण्णांनी ते कोपरानं दाबून धरलं आणि दौतीकडे बघितलं. मला वाटलं, आता पुरे, आता काही होऊ नये. पण दौत पुढे करण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी दुसऱ्यांदा निब बुडवली, टेकवली, आणि सहीखाली रेघ ओढली. ती सरळ नव्हती. मध्ये एका जागी तिला बाक आला होता, बांधाला असतो तसा.

मग त्यांनी स्वतःहून पॅड जवळ घेतलं. इथे सहीबरोबर सगळ्यांचाच अंगठा घेतात, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं. कुठला अंगठा, म्हणून मी विचारलं. कोणताही चालेल, कारकून म्हणाला. अण्णांनी उजवा काढला. मी तो धरून दाबायला पुढे झाले, त्यांनी मान हलवली. त्यांनी आपला आपणच दाबला, आधी पॅडवर, मग सहीच्या शेजारी.

कारकुनानं फडकं पुढं केलं. अण्णांनी ते घेतलं नाही. त्यांनी स्वतःच्या टकलाकडे नजर वर नेल्यासारखं केलं, मग आजूबाजूला बघितलं. मी दौतीचं झाकण लावायला वाकले होते. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नव्हता. तो हळूहळू उठला, हवेत जरा अडखळला, माझ्या डोक्यावर आला, आणि त्यांनी अंगठा माझ्या भांगाशेजारी केसांना पुसला, स्वल्प बळ लावून.